फुटलेल्या लाद्यांचा रकाना

माझे वडील भुसावळला बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला अमोनियाचा उग्र वास असायचा आणि बोटांची टोकं पांढरीफटक पडलेली असायची. बाहेर मे महिन्यातलं भुसावळ, सकाळी नऊलाच डांबर मऊ करणारं, आणि आमच्या घरात एक माणूस हात चोळत चुलीपुढे बसलेला. लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटत नसे.

कारखान्याची वही त्यांच्या ताब्यात असे. तारीख, भरलेले डबे, निघालेल्या लाद्या, गाडीवर गेलेल्या लाद्या, आणि शेवटचा रकाना 'फुटल्या'. मालकाला त्या शेवटच्या रकान्याची फार गरज नव्हती. फुटलेली लादी कमी भावात गोळेवाल्याकडे किंवा रसवंतीवर जायचीच. पण नानांनी तो रकाना कधी कोरा सोडला नाही. एकही फुटली नसेल त्या दिवशी ते तिथे शून्य लिहीत. सव्वाशे-दीडशे किलोची लादी डब्यातून निघताना का फुटते, हे त्यांनी मला कितीदा तरी समजावून सांगितलं आहे. डबा मिठाच्या थंडगार पाण्यातून वर घेतला की जरा थांबावं लागतं. घाईने साध्या पाण्यात बुडवला तर लादीला आतून तडा जातो, 'टक्' असा आवाज येतो, आणि मग काही करता येत नाही. फुटलेली प्रत्येक लादी म्हणजे कुणीतरी कुठेतरी केलेली घाई, असं ते म्हणत. म्हणून ती लिहून ठेवायची.

एका प्रकारच्या लाद्या मात्र त्या वहीत वेगळ्या लिहिल्या जात नसत. ज्या घरी मयत झालं आहे आणि मुंबईहून किंवा नागपूरहून गाडीने निघालेली लेक अजून पोचायची आहे, त्या घरी रात्री-बेरात्री लादी जायची. त्यांचा रकाना नानांनी कधी आखला नाही.

मी स्वतः गेली एकोणीस वर्षं एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा कबड्डीचा संघ तयार करते. बर्फावरच्या हॉकीशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. २०१७ च्या मार्चमध्ये पेपरात क्रीडा पानाच्या तळाशी एक छोटी बातमी आली. भारतीय महिला आइस हॉकी संघाने बँकॉकमध्ये आशियाई चॅलेंज कपमध्ये फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं, हा त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. मला वाटतं मी ती बातमी 'बर्फ' या शब्दासाठी वाचली असेल. त्या दिवसापासून या मुलींच्या खेळाचा माग मी सोडलेला नाही.

पहिला विजय २०१७ मध्ये, म्हणजे त्याआधी काय? त्याआधी २०१६. तैपेईला हा संघ पहिल्यांदा परदेशात खेळला आणि सगळे सामने हरून परत आला. बहुतेक मुली लडाखच्या. त्यांच्याकडे तेव्हा मैदान म्हणजे गोठलेलं तळं, आणि तेही डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, कसेबसे दोन महिने. त्यातही आधी पुरुषांचे संघ खेळणार, मग बर्फ ओरखडलेलं असताना मुलींना वेळ मिळणार. लडाखच्या मुलींनी मुलाखतींमधून हे अनेकदा सांगितलं आहे, आणि ते वाचताना मला आमच्या शाळेचं मैदान दिसलं. तिथेही मुलांचं क्रिकेट संपेपर्यंत माझ्या मुली कडेला, बाभळीच्या सावलीत, दप्तरं सांभाळत बसलेल्या असत. ही वेळ बदलून घ्यायला मला सहा वर्षं लागली. तैपेईला गेलेल्या मुलींना पूर्ण मापाच्या कृत्रिम बर्फावर सरावच मिळालेला नव्हता. परदेश दौऱ्याचा खर्च त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी काढून उभा केला. वर्गणी काढून खेळायला जाणं म्हणजे काय हे खानदेशातल्या कुठल्याही गावच्या संघाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे जिल्ह्याच्या सामन्यांना जाताना एसटीच्या तिकिटाचे पैसे किराणा दुकानदार, केळीचे व्यापारी आणि सरपंच असे तिघांकडून मिळून जमतात.

कुठल्याही संघाचा आंतरराष्ट्रीय लेखाजोखा म्हणजे शेवटी एक कोष्टक असतं. खेळलेले सामने, जिंकलेले, हरलेले, केलेले गोल, अंगावर बसलेले गोल. भारतीय मुलींच्या पहिल्या वर्षाच्या ओळीत जिंकलेल्या रकान्यात शून्य आहे. पण मला त्या शून्याचं वाईट वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते सांगायला मला माझ्या शाळेपर्यंत मागे जावं लागेल.

सातवी ते दहावी मी शाळेच्या कबड्डी संघात होते. चार वर्षांत तालुक्याच्या पुढे आम्ही एकदाच गेलो, आणि तेही समोरचा संघ आला नाही म्हणून पुढे चाल मिळाल्यामुळे. जिल्ह्याच्या मैदानावर पहिल्याच सामन्यात आमच्यावर चार लोण चढले, म्हणजे आमचा अख्खा संघ चार वेळा बाद झाला. ५२ विरुद्ध ९. घरी आले तेव्हा आई चुलीवर कळण्याची भाकरी थापत होती. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "हारनी ते हारनी, जेवाले बस." नाना पाळीवर जायला निघाले होते. दारात पायताण घालता घालता त्यांनी विचारलं, "कितला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "त्या नऊमा तुना कितला?"

तीन. दोन चढाईचे आणि एक पकडीचा. ती पकड मला आजही आठवते. समोरची मुलगी माझ्यापेक्षा वीतभर उंच होती, ती निदान रेषेच्या आत आली आणि मी तिच्या घोट्याला धरून अक्षरशः लोंबकळले. ढोपर सोलून निघालं होतं. नानांनी मान हलवली आणि सायकल काढली. मला वाटतं, त्यांनी ते तीन गुण मनात कुठेतरी लिहून घेतले असावेत.

पुढे नोकरीसाठी खेळाचा दाखला काढायला मी त्या शाळेत गेले. कारकुनाने जुनी क्रीडा नोंदवही काढली. आमच्या वर्षापुढे एकच शब्द होता, 'सहभाग'. चारही वर्षांपुढे तोच. ९ नव्हते, ५२ नव्हते, आम्हा बारा जणींची नावं नव्हती. जिंकलेल्या वर्षांपुढे मात्र कर्णधाराचं नाव, गुण, अंतिम सामन्याची तारीख, सगळं होतं. मी दाखला घेतला आणि एसटी स्टँडवर येऊन बराच वेळ बसून राहिले. हरल्याचं दुःख तोवर कधीच विरून गेलं होतं. पण ती पकड कुणीच लिहिलेली नव्हती.

आता बल्गेरियाबद्दल. महिला आइस हॉकीचं वाचायला लागलं की कधी ना कधी बल्गेरिया समोर येतंच. ६ सप्टेंबर २००८, लाटव्हियातलं लिपाया शहर, व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या पात्रता फेरीचा सामना. स्लोव्हाकियाने बल्गेरियाला ८२-० असं हरवलं. साठ मिनिटांच्या खेळात ८२ गोल म्हणजे दर ४४ सेकंदांना एक. या खेळात एक फळी साधारण पाऊण मिनिट बर्फावर राहते, मग दमून बाकावर येते आणि दुसरी उतरते. याचा अर्थ असा की बल्गेरियाच्या मुलींची जी फळी उतरली, तिने जवळजवळ प्रत्येक वेळी एक गोल बसलेला पाहिला आणि परत आली. त्याच स्पर्धेत त्यांच्यावर क्रोएशियाने ३०, लाटव्हियाने ३९ आणि इटलीने ४१ गोल केले. चार सामन्यांत १९२ गोल अंगावर, आणि स्वतःचा एक, क्रोएशियाविरुद्ध.

हा सामना लोक बहुतेक वेळा हसण्यासाठी सांगतात. मला हसता आलं नाही. मी नानांसारखी आकड्यांकडे बघत बसले. त्या दिवशी स्लोव्हाकियाने गोलच्या दिशेने १३९ फटके मारले होते. १३९ मधून ८२ गेले, उरले ५७. म्हणजे बल्गेरियाच्या गोलरक्षणाने त्या साठ मिनिटांत ५७ फटके अडवले. या खेळात चेंडूऐवजी जी चकती अडवायची ती कडक रबराची असते, एक इंच जाड, तीन इंच रुंद, वजनाला १६०-१७० ग्रॅम. टप्पे खाऊ नयेत म्हणून सामन्याआधी ती गोठवतात. ती हातमोज्यावर, छातीवर, पायाच्या पॅडवर घ्यायची, आणि गोल बसला की पुन्हा उभं राहून पुढची घ्यायची. सत्तरावा गोल झाल्यावर पुढच्या फटक्यासाठी गुडघे वाकवून उभं राहायला काय लागत असेल, याचा विचार मी खूपदा केला आहे. ५७ हा आकडा कुठल्या मथळ्यात आला नाही. पण १३९ लिहून ठेवलेले आहेत म्हणून वजाबाकी करता येते.

तोच स्लोव्हाकियाचा संघ पात्र ठरून २०१० मध्ये व्हँकुव्हरला गेला, आणि पहिल्याच सामन्यात कॅनडाने त्याला १८-० असं हरवलं. माझ्या आठवी ब च्या मुलींना मी हे फळ्यावर लिहून दाखवलं होतं. बल्गेरिया ०, स्लोव्हाकिया ८२. मग खाली स्लोव्हाकिया ०, कॅनडा १८. वर्गात एकदम शांतता पसरली. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मग बल्गेरिया आणि कॅनडाचा झाला असता तर?" मी म्हटलं, "तू सांग." तिने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करायला घेतला.

दक्षिण आणि उत्तर कोरियाचा २०१८ चा एकत्रित संघही मला जवळचा वाटतो. प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडकडून ८-०, स्वीडनकडून ८-०, आणि मग जपानविरुद्ध रँडी हीसू ग्रिफिनने या संघाचा ऑलिंपिकमधला पहिला गोल केला. तो सामनाही ४-१ असा गेलाच. पण ती चकती टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या संग्रहालयात, पाठवली गेली. हरलेल्या सामन्यातली चकती! मला माझं सोललेलं ढोपर आठवलं.

नानांना मी हे सगळं वाचून दाखवते. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकायला कमी येतं. गोल, फळी, चकती यात त्यांना रस नाही. त्यांना बर्फात रस आहे. पहिल्यांदा मी लेहच्या मैदानाचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तठे बर्फ जमाडस कसा?" मी वाचून सांगितलं. लडाखमध्ये रात्री थंडी कडाडली की गोठलेल्या मैदानावर पाणी शिंपडतात, एक पातळ थर. तो गोठला की दुसरा. सकाळी वर पडलेला भुरभुरीत बर्फ झाडून काढायचा आणि रात्री पुन्हा पाणी. नाना विचारात पडले. मग म्हणाले की आपली लादी डब्याच्या भिंतींपासून आत गोठत जाते, म्हणून तिच्या गाभ्यात हवा आणि क्षार कोंडले जाऊन ती मध्ये पांढरी आणि ठिसूळ राहते. पण थर थर देऊन जमवलेला बर्फ सगळीकडून सारखा असणार, तो घाव सोसेल. एका अर्थाने त्यांनी लेह न पाहता तिथलं मैदान पाहिलं.

आणि कृत्रिम मैदान? तिथे काँक्रीटच्या आत नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून शून्याच्या खाली थंड केलेलं मिठाचं पाणी किंवा तसलंच न गोठणारं द्रावण फिरवतात. हे ऐकल्यावर नाना पहिल्यांदा खुलून हसले. ते तर आपलंच! कारखान्याच्या टाकीत तेच मिठाचं पाणी, तोच अमोनिया, तोच घरघरणारा कॉम्प्रेसर. जी यंत्रणा भुसावळला लग्नाच्या सरबतासाठी लादी काढते, तीच परदेशात मुलींच्या पायाखाली मैदान अंथरते. आपल्या देशात मात्र अशी मैदानं किती? डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठं बंदिस्त मैदान बांधलं आणि नंतर ते वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं. या गोष्टीचा मला खरोखर राग येतो. लडाखच्या मुली तळं गोठायची वाट बघत होत्या आणि बांधलेलं मैदान कुलपात होतं. नाना तेव्हा एवढंच म्हणाले की बंद ठेवलेला कॉम्प्रेसर चालत्या कॉम्प्रेसरपेक्षा लवकर सडतो.

२०१८ च्या जानेवारीत कॅनडाची हेली विकेनहायझर लेहला आली होती, ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं जिच्या नावावर आहेत ती. साहित्य घेऊन आली आणि त्या मुलींबरोबर खेळली. जिने जगातल्या सगळ्या मोठ्या मैदानांवर जिंकलं ती तळ्यावरच्या बर्फावर का आली असेल, असं मला माझ्या एका सहशिक्षिकेने विचारलं. मला त्यात प्रश्न दिसत नाही.

मग २०२५. संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनमध्ये ३१ मे ते ६ जून या काळात महिलांचा आशिया चषक झाला आणि भारतीय संघाने कांस्यपदक मिळवलं. पहिलं पदक. सुवर्ण फिलिपिन्सला, ज्यांना २०१७ मध्ये आपण ४-३ ने हरवलं होतं त्यांनाच. हे मी मुद्दाम लिहिते. आपला पहिला विजय ज्यांच्यावर झाला तेही हरून थांबले नव्हते, त्यांनीही त्या आठ वर्षांत आपलं बर्फ जमवलं. अल ऐन वाळवंटातलं शहर. बाहेर आमच्या जळगावसारखं ऊन, आत दार लोटलं की बर्फ. नानांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी दार लोटल्याची खूण केली. त्या दारातून ते तीस वर्षं आत-बाहेर करत होते.

त्या वर्षी आमच्याकडे पाऊस मे महिन्यातच लागला होता. मैदानावर चिखल होता, शाळेला सुटी होती. तरी मी चार-पाच मुलींना घरी बोलावून बातमी दाखवली. एकीने लगेच विचारलं, "मॅडम, कुणाकुणाशी हरल्या?" दुसऱ्या कुणी हा प्रश्न नाउमेद करणारा मानला असता. मला फार आनंद झाला. ती मुलगी आमच्या संघाची वही लिहिते.

ही वही मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षापासून चालवते. शाळेची अधिकृत नोंदवही वेगळी. आमच्या वहीत प्रत्येक सामन्याला एक पान आहे, हरलेल्याला आणि जिंकलेल्याला सारखंच मोठं. प्रत्येकीचं नाव, चढाया किती, गुण किती, पकडी किती, आणि शेवटचा रकाना 'सुटल्या', म्हणजे हाताला लागून निसटलेल्या पकडी. मुली सुरुवातीला तो रकाना भरायला कचरत. आता सामना संपल्यावर घाम पुसायच्या आधी त्यावर वाद घालतात. "मॅडम, ती सुटली नाही, मी सोडली, ताई पडत होती म्हणून." मग त्या पानावर तसंच लिहायचं. गेल्या वर्षी जिल्ह्याला आम्ही ४१-१२ असे हरलो. पानावर अकरा पकडी आहेत आणि सुटलेल्या सतरा. नानांना मी ते पान दाखवलं, त्यांनी चष्मा वर करून शेवटच्या रकान्याची बेरीज स्वतः पुन्हा केली. बरोबर होती.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात मी संघाला भुसावळला एक चालू बर्फ कारखाना दाखवायला नेलं. नाना ज्यात होते तो केव्हाच बंद झाला, हा दुसरा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येऊ लागल्या होत्या, रस्त्याच्या कडेला निंबांना झोके बांधलेले दिसत होते, आणि आमच्या मुली एसटीत गौराईची गाणी म्हणत होत्या. नाना हट्टाने आले. कारखान्याच्या दारात अमोनियाचा वास आला तसे ते काठी टेकून थांबले, डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि मग आत शिरले. साखळीने डबा वर आला. तिथला पोरगा तो लगेच पाण्यात सोडायला निघाला, तर नानांनी काठी आडवी धरली. "थांब रे भाऊ, जरासा थांब." तो थांबला. मुलीही थांबल्या. मग डबा पाण्यात बुडाला, कलला, आणि अखंड लादी फळ्यांवर घसरत आली, कडेने काचेसारखी, मध्ये पांढरी.

आमची वही लिहिणारी मुलगी चपला काढून पुढे झाली. कारखान्यातल्या माणसाने मान हलवून परवानगी दिली तशी तिने एक पाय लादीवर ठेवला, मग दुसरा. हात पसरून तोल सावरला. पाच मोजेपर्यंत उभी राहिली आणि तळवे उचलत खाली उडी मारली.

"मॅडम," ती म्हणाली, "याना ते चटका बसस!"